आबांनी पाहिलेली स्थळं

सुरतेच्या उधन्यातल्या आमच्या चाळीच्या मालकांना कुणालाही ‘कसं काय’ असं विचारता येत नसे. समोर माणूस आला की ते विचारायचे, “काय, कामाशी पटतंय ना?” नव्या सासुरवाशिणीला माहेरची म्हातारी विचारते ना, अगदी त्याच आवाजात. थोडं पुढं वाकून, कुणी ऐकत तर नाही ना हे बघून. नळावर बादली लावून उभ्या राहिलेल्या भाडेकरूला विचारायचे, तसंच पोस्टमनलाही. पोस्टमन बिचारा गुजराती. पहिल्यांदा तो घाबरलाच. कारण त्याचं खरंच पटत नव्हतं, आणि ते या म्हाताऱ्याला कुणी सांगितलं हे त्याला कळेना.

आम्ही त्यांना आबा म्हणायचो. साठी ओलांडलेले, उंच, वाळल्या शेवग्याच्या शेंगेसारखे. मूळ धुळ्याकडचे, पण सुरतेत इतकी वर्षं काढलेली की मराठीत सुरू झालेलं वाक्य गुजरातीतून फिरून हिंदीत उतरायचं. रागावले की मात्र निव्वळ अहिराणी. माया आली तरी अहिराणीच. त्यामुळे आपल्यावर राग निघतोय की माया, हे पहिल्या दोन वाक्यांत उमगायचं नाही. तोवर मान खाली घालून उभं राहणं हे उत्तम.

त्यांच्या मते माणसाची लग्नं दोन. एक बाईशी, एक कामाशी. “बाईकडे आपण झोपण्यापुरते जातो. कामाकडे बारा बारा तास. मग चौकशी जास्त कशाची करायला पाहिजे?” हे ते जिजींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, देखत म्हणायचे. जिजी तांदूळ निवडता निवडता वर न बघता म्हणायच्या, “तुमनी चौकशी मी करी नही, तेच भोगी राह्यनू.”

चाळीत कुणाचं काम सुटलं की आबा ‘काडीमोड झाली’ म्हणायचे. नवं काम लागलं की त्यांच्या घरून वाटीभर साखर यायची. आमच्या शेजारच्या खोलीत एक जण होता, त्याचं कुठंच मन लागत नसे. साड्यांच्या दुकानात होता, तिथून टेम्पोवर गेला, टेम्पोवरून कुरिअरमध्ये. तिसऱ्या वेळी आबांनी साखर बंद केली. “आता तुला फुटाणे,” म्हणाले. “दर सहा महिन्यांनी बोहल्यावर चढणाऱ्याला साखर वाटत बसलो, तर माझी चूल बंद पडंल.”

रजेच्या दिवशी सकाळी त्यांच्या ओट्यावर सगळे भाडेकरू जमायचे, आणि आपापल्या नांदण्याची गाऱ्हाणी सांगायचे. शेठ कसा, मुकादम कसा, कुणाला पाळी बदलून मिळत नाही, कुणाची पाठ धरलीय. आबा ऐकून घ्यायचे. सल्ला क्वचित द्यायचे. “नांदव रे,” एवढंच म्हणायचे, किंवा फारच झालं तर, “माहेरी ये थोडे दिवस.” याचा अर्थ थोडे दिवस भाडं दिलं नाहीस तरी चालेल. या दुसऱ्या वाक्यामुळे जिजींशी त्यांची भांडणं व्हायची.

मी हे सगळं पायरीवर बसून ऐकायचो आणि मला मजा वाटायची. माझी बारावी झाली त्या वर्षी ती मजा संपली.

बारावी कॉमर्स. टक्के विचारू नका. आता माझी मुलं विचारतात तेव्हाही मी ‘चहा कुणाला हवाय’ म्हणून उठतो. प्लेगच्या भीतीनं रिकामं झालेलं शहर पुन्हा भरत होतं आणि जो तो माणसं शोधत होता. सुरतेत कामाची वाण नव्हती, तोच तर त्रास होता. काम मिळत नाही म्हणून झुरणाऱ्याला निदान लोकांची सहानुभूती तरी मिळते. मला सकाळी दात घासताना हिऱ्याच्या कारखान्यात जावंसं वाटायचं, तोंड पुसेपर्यंत कपड्याच्या मार्केटात, आणि जेवायला बसलो की आपल्याला यातलं काहीच जमणार नाही याची खात्री पटायची. भाकरीचा घास फिरायचा तोंडात. आई म्हणायची, “मीठ कमी झालं का?” मीठ ठीक होतं.

वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, मात्र माझं ठरवून टाकलं होतं. ते बमरोलीला एका खात्यावर होते. खातं म्हणजे सुरतेच्या बोलीत यंत्रमागांचा कारखाना. तिथं नवे माग बसणार होते आणि त्यातल्या दोन मागांवर मला घ्यायचं, असा शब्द त्यांनी शेठकडून घेतला होता, नव्हे, शेठला दिला होता. “येत्या पगाराच्या दिवसापर्यंत मुलगा उभा करा, नाहीतर दुसरा बघतो,” शेठनं सांगितलेलं. वडील फार बोलणारे नव्हते. पण त्या दिवसांत ते जेवताना सांगायचे, “माझ्याच ओळीत आहेत माग. मान वळवली की दिसशील.” त्यांना ते फार आवडत होतं, मान वळवली की मी दिसणं.

तेव्हा मला भीती वाटायची की नकार द्यावासा वाटायचा, मला सांगता यायचं नाही. नकाराला कारण लागतं. माझ्याकडे कारण नव्हतं.

एके दिवशी आई आबांच्या ओट्यावर गेली. “आबा, पोराले चार ठिकाने दखाडी आना ना,” म्हणाली.

आबांनी विचारलं, “त्याचं ठरलंय ना?”

“ठरेल शे. पन दखाडाले काय जास?” ठरलंय, पण दाखवायला काय जातं?

संध्याकाळी वडिलांच्या कानावर गेलं. ते आबांना म्हणाले, “काम काय नवरी आहे का, बघायला जायला?”

“नवरी परवडली,” आबा म्हणाले. “ती निदान बोलते.”

दुसऱ्या दिवशी आबा काळा कोट घालून आमच्या दारात उभे. सुरतेच्या उन्हाळ्यात! कोट त्यांच्या लग्नातला. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहायच्या, कारण हात लग्नानंतर वाढले, असं ते गंभीरपणे सांगायचे. मलाही त्यांनी इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि वाटेत नियम सांगितले. पहिल्या भेटीत नारळ न्यायचा नाही, ठरलंच असं होऊन अंगावर येतं. पगार विचारायचा नाही, हुंडा पहिल्या दिवशी कुणी काढत नाही. गेल्या गेल्या पाणी मागायचं, कारण पाणी कोण आणतं आणि कशातून आणतं यावरून घर कळतं. आणि शेवटचं म्हणजे, तिथला म्हातारा बघायचा.

“म्हातारा कशाला?”

“पोरगी बघायला गेलं की तिची आई बघावी. उद्या पोरगी तशीच होणार. कामाचं तेच. त्या कामात जो म्हातारा झालाय तो बघ. तो तू.”

पहिलं स्थळ हिऱ्याचं, वराछाला. हे माझ्या मनातलं होतं. माझा एक वर्गमित्र तिथं लागला होता आणि बघता बघता त्याच्याकडे गॉगल आला होता. मी गॉगलवर भाळलो होतो, हे उघड आहे. आत पंखे, ओळीनं घंट्या, म्हणजे हिरे घासायच्या फिरत्या चकत्या, आणि प्रत्येक घंटीभोवती खाली माना घातलेली तरणी पोरं. पाणी आलं ते थंडगार, स्टीलच्या पेल्यातून. आबा खूष झाले. मॅनेजर गळ्यात साखळी घातलेला, हसतमुख. त्याला वाटलं, हा आजोबा नातवाला चिकटवायला आलाय.

आबांनी पेला खाली ठेवला. “सेठ, इधर का सबसे बुढ्ढा आदमी दिखाव.”

“बुढ्ढा? काका, बुढ्ढे का क्या काम?”

“दिखाव तो सही.”

मॅनेजरनं इकडंतिकडं बघून एकाला हाक मारली. तो आला, जाड भिंगांचा चष्मा पुसत. माझ्या धाकट्या मामाएवढा, तिशीपस्तिशीचा असेल.

“इससे बुढ्ढा?”

“इससे बुढ्ढा कोई नहीं.”

“तो बाकी के किधर गये?”

मॅनेजर हसला. मग हसणं थांबवून म्हणाला की कुणी गावी गेले, कुणी दुकानं टाकली, नजर मंदावते ना काका. आबांनी मान डोलावली, “पत्रिका बघून कळवतो,” असं मराठीतच म्हणाले आणि बाहेर पडले. रस्त्यावर मला म्हणाले, “घर चांगलंय. पाणीबी चांगलंय. पण ज्या घरात एकबी सासू दिसत नाही, तिथं विचारावं लागतं बाबा, सासवा गेल्या कशानं.”

मी घरी येऊन झोपून राहिलो. गॉगल गेला याचं दुःख करावं की डोळे वाचले याचा आनंद, ठरेना.

दुसरं स्थळ पांडेसऱ्याची कापड रंगवायची मिल. चाळीतल्याच एकानं आत न्यायची सोय केली होती. फाटकापर्यंत आबा माझ्यापुढे चालत होते. फाटकाशी थांबले. आतून वाफ येत होती आणि तो आंबूस उग्र वास.

“तू जाऊन ये,” म्हणाले.

“आणि म्हातारा?”

“मी बघितलाय.”

ते कोटाच्या खिशात हात घालून उभे राहिले. त्यांच्या नखांच्या मुळाशी एक निळसर छटा असायची. मी लहानपणापासून पाहत होतो, मला वाटायचं म्हातारपणात नखं अशीच होतात. परतताना त्यांनी एवढंच सांगितलं: “मला कुणी दाखवलं नव्हतं. मामानं गावाहून आणलं ते थेट मांडवात उभं केलं. अंतरपाट धरला तेव्हा कळलं, नवरी कोण ते.” मग त्यांनी रस्त्यात भेटलेल्या एका अनोळखी सायकलवाल्याला विचारलं, कामाशी पटतंय ना, आणि विषय संपला.

या पाहण्यांनी माझा जीव हलका होण्याऐवजी जड होत चालला. मी दिसेल त्या म्हाताऱ्यात स्वतःला बघायला लागलो. खमणवाल्याकडे गेलो तर त्याचे सुजलेले पाय बघायचो. बसमध्ये कंडक्टरचा गळा बघायचो. आमच्या न्हाव्याचा हात थोडा थरथरायचा, त्याच्याकडे बसलो असताना मी इतका मन लावून ते बघत होतो की त्यानं वस्तरा खाली ठेवून विचारलं, “काय रे, भरवसा नाही का?” पगाराचा दिवस जवळ येत होता. वडील रोज विचारत नव्हते, पण ताटावरून उठताना माझ्याकडे एकदा बघायचे.

तिसरं स्थळ उधन्यातच, जळालेल्या मोटारी बांधून द्यायचं दुकान. मागांच्या मोटारी जळतात, त्यांच्यातली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची. अरुंद, अंधारं, वार्निशच्या वासाचं. आम्ही गेलो तेव्हा दुकानाचा मालक, सत्तरीचा सुरती म्हातारा, बाकड्यावर गाढ झोपला होता. आबांनी त्याला हलवून उठवलं आणि विचारलं, “झोप लगती है क्या बराबर?”

म्हातारा उठून बसला. रागावला नाही. आधी पेला विसळून माठातलं पाणी आमच्या पुढं ठेवलं, मग म्हणाला, “लागती हती.” लागत होती, तुम्ही उठवेपर्यंत.

आबा एरवीही भेटेल त्या कामकरी म्हाताऱ्याला तीन प्रश्न विचारायचे. झोप लागते का. घरी गेल्यावर बायकोशी बोलावंसं वाटतं का. आणि तिसरा, ज्यासाठी पहिले दोन असायचे: तुमच्या पोराला इथं घातलंत का. या तिसऱ्यावर भले भले अडायचे. हा अडला नाही. “बे छोकरा छे, बन्ने अहींज,” दोन मुलगे, दोघंही इथंच, असं म्हणाला आणि मागच्या अंधाराकडे हाक मारली. तिथून तारेचं भेंडोळं हातात घेऊन एक जाड माणूस बाहेर आला, बापासारखीच जांभई देत.

आबांना इतका आनंद झाला की रस्त्यात त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “सासू बघितली? दात बघितले? पोर बघितलं, कसं गुटगुटीत!”

मला मात्र रडू येत होतं. बारावी कॉमर्स होऊन मी त्या अंधारात तार गुंडाळत बसणार? मित्राला काय सांगू? मोटारी बांधतो म्हटल्यावर क्षणभर त्याला गाडीचा कारखाना वाटेल, तेवढाच काय तो मान. मी आबांना म्हणालो, “त्यापेक्षा दादांच्या खात्यावर जातो. ओळखीचं तरी आहे.”

“ओळखीचं?” आबा म्हणाले. “तू कधी गेलायस तिथं?”

नव्हतो गेलो. कधीच नाही. वडील अठरा-वीस वर्षं त्या खात्यावर जात होते आणि घरातल्या कुणीच ते आतून पाहिलं नव्हतं. तरी आबा तिथं यायला तयार नव्हते. “घरचं स्थळ बघायला जाऊ नये,” म्हणायचे. “पसंत पडलं तर भांडण, नाही पडलं तर मोठं भांडण.”

पुन्हा आईच गेली त्यांच्याकडे. या वेळी ओट्याखालीच उभी राहिली. “आबा, जा ना एक डाव,” म्हणाली. “त्या घर काहीच सांगतस नही. मी बी दखेल नही.” ते घरी काहीच सांगत नाहीत, मीही पाहिलेलं नाही.

आबा उठले. आत जाऊन कोट घेऊन आले.

बमरोलीच्या त्या गल्लीत शिरण्याआधीच आवाज सुरू झाला. मागांचा आवाज मला नवा नव्हता, आमच्या भागात तो हवेतच असायचा. पण आत शिरलो तेव्हा तो कानात न जाता छातीत शिरला. दिवसाढवळ्या दिवे. कापसाचे नव्हे, सिंथेटिक धाग्याचे बारीक तंतू सगळीकडे, माणसांच्या भुवयांवरसुद्धा. दोन मागांमध्ये माणूस अंग चोरून जाईल एवढीच वाट, आणि त्या वाटेत पोरं उघड्या अंगानं इकडून तिकडं पळत होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. हातवारे करत होते.

शेठ काचेच्या खोलीत बसला होता. तरुण, वागायला सौम्य. माझ्या वडिलांचा मुलगा म्हणून आबांनी माझी ओळख करून दिली नाही. “लडके के लिये देखने आये हैं,” एवढंच सांगितलं. पाणी मागितलं. ते आलं प्लॅस्टिकच्या पिंपातून, साखळीला बांधलेला पेला साखळी पुरेल तेवढा पुढं करून. आबांनी ते प्यायलं.

“सेठ, सबसे बुढ्ढा आदमी दिखाव.”

शेठला गंमत वाटली. त्याला विचार करावा लागला नाही. काच सरकवून त्यानं एका पोराला खूण केली आणि ओरडला, “काका ने बोलाव!”

आणि त्या वाटेतून माझे वडील आले.

त्यांची तेव्हा पन्नाशीही झाली नव्हती. घरात ते आम्हाला म्हातारे कधी वाटले नव्हते. केस काळे होते, सायकल चालवायचे, रजेच्या दिवशी धाकट्या बहिणीला खांद्यावर घ्यायचे. इथं ते सगळ्यांचे काका होते. आवाजातून उजेडात येताना त्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं. ते शर्टाला हात पुसत येत होते आणि चेहऱ्यावर एक हसू होतं, शेठनं बोलावलंय म्हणजे काहीतरी चुकलंय, ते आधीच कबूल करून टाकणारं हसू. ते हसू मी घरी कधी पाहिलं नव्हतं. बघायला नको होतं असं अजून वाटतं.

मग त्यांना आम्ही दिसलो. हसू तसंच राहिलं, कारण शेठ समोर होता, पण त्याच्या मागून माणूस निघून गेला.

आबांनी तोवर किती म्हाताऱ्यांना प्रश्न विचारले असतील!  त्या दिवशी ते कोटाची गुंडी लावत बसले, काढत बसले. शेवटी वडीलच मोठ्यानं, त्या आवाजावरून ऐकू जाईल असं म्हणाले, “विचारा ना आबा. सगळ्यांना विचारता.”

“झोप लागते का?”

“लागते.”

“घरी बोलावंसं वाटतं का?”

वडील माझ्याकडे बघून म्हणाले, “वाटतं. पण घरी गेलं तरी हा आवाज काही वेळ चालूच राहतो डोक्यात. त्याच्यावरून ओरडून बोलावं लागतं. पोरं घाबरतील. म्हणून नाही बोलत.”

मला वाटायचं, ते अबोल स्वभावाचे आहेत. सगळ्या नातेवाइकांना तसंच वाटायचं. लग्नात त्यांचं कौतुक व्हायचं, किती शांत माणूस.

तिसरा प्रश्न आबा विचारणार नाहीत असं मला वाटलं.  शेठ टेबलावर कोपर टेकून ऐकत होता. त्याला तेवढं मराठी समजायचं, खात्यावरची निम्मी माणसं आमच्याकडचीच. आणि वडिलांनी त्याला शब्द दिला होता. त्याच्यासमोर शब्द मागं घेतला तर उद्या त्याच शेठच्या मागांवर उभं राहायचं होतं.

आबांनी विचारलं. “पोराला इथं घालशील का?”

वडिलांनी शेठकडे बघितलं. मग तेच हसू पुन्हा चेहऱ्यावर आणलं, मान डोलावली आणि खूष झालेल्या माणसाच्या आवाजात, अगदी गावाकडच्या घट्ट अहिराणीत, जी सुरतेच्या शेठला उमगणार नाही, भरभर म्हणाले, “आबा, याले आठून लई जा. आत्तेच. मन्हाकडे दखू देऊ नका.”

याला इथून घेऊन जा. आत्ताच. माझ्याकडे बघू देऊ नका.

“शुं कहे छे काका?” शेठनं विचारलं.

“कहता है,” आबा म्हणाले, “सेठ आदमी बहुत अच्छा है.”

वडिलांनी पुन्हा मान डोलावली आणि वळून वाटेत शिरले. कुठंतरी मागावरचा धागा तुटला असावा, कारण ते चालता चालता पळायला लागले.

 वाटेत दोघं-तिघं ओळखीचे भेटले. त्यांना आबांनी कामाबद्दल विचारलं नाही. चाळीच्या तोंडाशी थांबून म्हणाले, “स्थळ नाही आवडलं. माणूस आवडला. असं कधी झालं नव्हतं बुवा.”

संध्याकाळी वडील आले आणि त्यांनी आबांशी कडाक्याचं भांडण केलं. सगळ्या चाळीनं ऐकलं. ठरलेलं मोडलंत, शेठला काय तोंड दाखवू, कुणी सांगितलं होतं नाक खुपसायला. ते ओरडून बोलत होते, आणि ते का ओरडतायत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा माहीत होतं. आबांनी सगळं अंगावर घेतलं. “चुकलं,” म्हणाले. “पत्रिकाच जुळत नव्हती.” वडिलांनी ते शेठला तसंच सांगितलं: घरमालकानं मोडता घातला, पोरगा ऐकत नाही. खात्यावर सगळ्यांना पटलं. घरमालक ही जातच तशी.

मी त्या अंधाऱ्या दुकानात तार गुंडाळायला लागलो. पहिल्या दिवशी आबा नारळ घेऊन आले. सुरती म्हाताऱ्याला तो कशासाठी हे कळलं नाही, त्यानं दुपारी फोडून खोबरं वाटलं. पहिले दोन महिने मी बांधलेली प्रत्येक मोटार पुन्हा जळून माझ्याकडे परत यायची. इतकी निष्ठा पुढं आयुष्यात मला कुणाची मिळाली नाही.

आणि पगाराचा तो दिवस उलटून गेल्यावर थोड्याच दिवसांनी, एका रजेला, वडील एका पोराला जेवायला घेऊन आले. माझ्याच वयाचा, ओडिशाकडचा. नव्या मागांवर शेठनं त्याला घेतलं होतं. वडील त्याला शिकवत होते. गाठ कशी मारायची, चालत्या मागातून हात कधी काढायचा, पहाटे डोळा लागला तर कुणाच्या पाठीला टेकायचं. आईनं भाकरी केली, ठेचा केला. पोरगा हसरा होता. त्याला ठेचा झोंबला तेव्हा आम्ही सगळे हसलो.

आबांचं आणि वडिलांचं बोलणं अजून नीट सुरू झालेलं नव्हतं. तरी ते आले. दारातच बसले, उंबऱ्यावर. सवयीनं पोराला विचारलं, “काम से पटता है क्या?”

“अच्छा है,” पोरगा म्हणाला. “काका सिखाते हैं.”

“बाप किधर है?”

“गाँव में.”

 मग आबा वडिलांकडे वळून, हळू आवाजात, अहिराणीत म्हणाले, “याले बी सांग ना. जे आंडोरले सांगं तेच.” यालाही सांग की. जे मुलासाठी सांगितलंस तेच.

वडील घास हातात धरून थांबले. खात्यावरच्या त्या गोष्टीचा घरात कुणीतरी पहिल्यांदा उच्चार केला होता. आई तव्यापाशी होती, तिचाही हात थांबला.

“सांगीसन कोठे धाडू?” वडील म्हणाले.

सांगून पाठवू कुठं?

पोरगा मान खाली घालून जेवत होता. वडिलांनी आपल्या ताटातला कांदा उचलून त्याच्या ताटात ठेवला.